आक्का, सगळे दात काढण्याआधी

ती. स्व. आक्का,


परवा फोनवर तू म्हणालीस, "दिवाळी झाली की सगळेच दात काढून टाकते आणि कवळी बसवते. आईचेही या वयात पडलेच होते. आपल्या घराण्यातच दात कच्चे." हा विषय फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पत्र उघडंच लिहिते आहे, कारण तुझी ही तीन वाक्यं मी आमच्या हिरड्यांच्या ओपीडीत रोज ऐकते. कुणी शेतातून आलेली असते, कुणी बँकेतून, पण बोलणं हेच असतं. दात जाणारच, वय झालं, नशिबात होतं. तुला उत्तर देताना त्या सगळ्यांनाही द्यावं असं वाटलं.

आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं पत्र तिच्याचसाठी आहे. वय दात पाडत नाही. हिरड्यांचा आजार पाडतो. तो आजार ओळखता येतो, थांबवता येतो, आणि थांबवण्याचं निम्म्याहून अधिक काम घरच्या मोरीपाशीच होतं. तुझे दात अजून तोंडात आहेत. त्यांतले बहुतेक वाचवता येतील, असं मला तू सांगितलेल्या लक्षणांवरून वाटतं. नक्की काय ते तपासणीनंतरच कळेल. पण तपासणीआधीच सगळे काढायचा निर्णय घेऊ नकोस.

तू म्हणालीस, ब्रश केला की रक्त येतं, म्हणून हल्ली हिरडीजवळ ब्रश नेतच नाहीस. ही सगळ्यात साहजिक आणि सगळ्यात घातक चाल आहे. निरोगी हिरडीतून साध्या मऊ ब्रशने रक्त येत नाही. हात धुताना बोटांतून रक्त आलं असतं तर तू त्याच दिवशी दवाखाना गाठला असतास. हिरडीच्या रक्ताला मात्र आपण वर्षानुवर्षं "उष्णता झाली असेल" म्हणून सोडून देतो.

हे रक्त का येतं ते समजून घे. दातांवर सतत एक चिकट, पांढुरका थर बसत असतो. जीभ फिरवली की तो बुळबुळीत लागतो. त्यात जंतूंच्या वसाहती असतात. चूळ भरून तो जात नाही, घासूनच काढावा लागतो. हिरडीच्या कडेला तो साचून राहिला की शरीर त्याच्याशी झुंजायला त्या जागी जास्त रक्त पाठवतं. हिरडी फुगते, लाल होते, जरा लागलं की वाहते. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सरळ करून पाहिलं. हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांना त्यांनी दात घासणं बंद करायला सांगितलं. कुणाच्या दहाएक दिवसांत, कुणाच्या तीन आठवड्यांत, पण सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग स्वच्छता पुन्हा सुरू झाली आणि सगळ्यांच्या हिरड्या पूर्ववत झाल्या. या प्रयोगाने दोन गोष्टी पक्क्या केल्या. हिरडीची सूज साचलेल्या थरामुळे येते, आणि या पायरीवर ती पूर्ण बरी होते. म्हणून जिथे रक्त येतं तिथे ब्रश न्यायचाच, फक्त हलक्या हाताने. चारदोन दिवस रक्त जास्त दिसेल. थर रोज निघत राहिला की आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होऊ लागेल.

पण थर काढला नाही, तर गोष्ट तिथेच थांबत नाही. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात उतरतं आणि तो दगडासारखा घट्ट होतो. त्यालाच आपण कीटण म्हणतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते सर्वांत जास्त साठतं, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. आरशासमोर उभी राहून खालच्या दातांमागे जीभ लाव. खरखरीत लागलं तर ते कीटण आहे. ते ब्रशने निघत नाही, डॉक्टरच्याच हत्याराने काढावं लागतं. त्याच्या खडबडीत पृष्ठावर नवा थर आणखी भराभर बसतो, हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खोल फट तयार होते. त्या फटीत ब्रश पोचत नाही, जंतूंना मात्र भरपूर जागा मिळते. मग सूज आत उतरते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. पावसाने बुंध्याची माती वाहून गेली की कुंपणाची मेढ जशी हलायला लागते, तसं होतं. मेढ शाबूत असते, तिला धरणारं काही उरलेलं नसतं. तुझ्या हलणाऱ्या दातांना कीड नाही, हे तूच सांगितलंस. ते धडधाकट दात आहेत. झिजलंय ते त्यांच्या आजूबाजूचं.

आणि हे सगळं न दुखता होतं. दाढ किडली की ठणकते, रात्रीची झोप उडवते, माणूस दवाखान्यात धावतो. हिरडीचा आजार दहा-दहा वर्षं मुक्याने चालतो. अधूनमधून रक्त, सकाळी तोंडाला वास, दोन दातांमध्ये वाढलेली फट, पूर्वीपेक्षा लांब दिसणारे दात, भाकरीचा कडक तुकडा चावताना एखादा दात दबल्यासारखा वाटणं, एवढीच त्याची खूण. दुखत नाही म्हणजे काही झालेलं नाही, हा हिशेब तोंडाच्या बाबतीत चालत नाही.

आता घराण्याचं. तुझं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण त्यात थोडं तथ्य आहे. याच हाराल्ड लो यांनी १९७० पासून श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या ४८० मजुरांच्या तोंडाची अनेक वर्षं पाहणी केली. त्या मजुरांना ब्रश माहीत नव्हता, दातांचा डॉक्टर मिळत नव्हता. सगळ्यांच्या दातांवर कीटण होतं, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. १९८६ साली निष्कर्ष छापून आले. सुमारे ८ टक्के लोकांत आजार फार वेगाने वाढला आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे जवळजवळ सगळे दात गेले. ८१ टक्के लोकांत तो मध्यम गतीने वाढला. ११ टक्के लोकांत मात्र हिरड्यांच्या सुजेपुढे काहीच सरकलं नाही. म्हणजे घाण सारखीच असली तरी प्रत्येकाचं शरीर तिला वेगळं उत्तर देतं, आणि त्या वेगळेपणात आनुवंशिकतेचा वाटा आहेच. आपण कदाचित त्या दुर्दैवी बाजूचे असू. पण त्याचा अर्थ आपल्याला जास्त जपायला हवं एवढाच होतो.

जपलं तर काय होतं, याचाही पुरावा आहे. स्वीडनमध्ये पेर अॅक्सेलसन आणि यान लिंदे यांनी १९७१-७२ पासून काही शे प्रौढांना एकच शिस्त लावली. रोज नीट स्वच्छता कशी करायची ते पुन्हा पुन्हा शिकवायचं आणि ठरावीक काळाने बोलावून दात साफ करायचे. ३० वर्षांनी, २००४ साली त्यांनी हिशेब मांडला. वयाच्या वेगवेगळ्या गटांत माणशी सरासरी ०.४ ते १.८ दात गेले होते. तीस वर्षांत दोन दातसुद्धा नाहीत, आक्का. त्यांत पन्नाशी ओलांडून सुरुवात केलेलेही होते, म्हणजे तुझ्याच वयाचे. आईच्या काळी गावात हे सांगणारं कुणी नव्हतं. दात हलला की तो काढायचा, एवढंच तिला ठाऊक होतं. तुझ्यावर ती वेळ नाही.

आता ज्याबद्दल आपण घरात कधी मोठ्याने बोलत नाही, त्याबद्दल. मिश्री.

तू ती का लावायला लागलीस हे मला माहीत आहे. लग्नानंतर दाढ दुखली, सासूबाईंनी चिमूटभर दिली, दुखणं बधिर झालं. मग सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होईना, आणि दुपारी ऊस भांगलताना भूक मारायला तिचाच आधार वाटू लागला. पश्चिम महाराष्ट्रातल्या हजारो बायकांची हीच कहाणी आहे. यात तुझं चारित्र्य किंवा मनाचा कमकुवतपणा काही नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजली तरी तिच्यातलं निकोटीन उरतंच, आणि निकोटीन सवय लावतंच. पोट साफ होण्याचं कारणही तेच, ते आतड्यांना चेतवतं. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण मिश्री घरच्या तव्यावर होते आणि दात घासायचं साधन म्हणून फडताळात पेस्टच्या शेजारी बसते. म्हणून तिला कुणी व्यसन म्हणत नाही.

मिश्रीने दात स्वच्छ होत नाहीत. तिने हिरडी घासली जाते, मागे सरते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. जिथे रोज बोटाने मिश्री दाबली जाते, तिथली कातडी पांढरट, सुरकुतलेली होते. तंबाखूमुळे हिरडीच्या दुरुस्तीची ताकद कमी होते, त्यामुळे आम्ही कितीही चांगले उपचार केले तरी गुण अर्धाच येतो. (आपले भावजी विडी ओढतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. विडी-सिगारेटने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, म्हणून आतून हाड झिजत असूनही रक्त कमी दिसतं. "माझ्या हिरडीतून थेंबभर येत नाही" या भरवशावर त्यांनी राहू नये.) आणि सर्वांत मोठं भय तोंडाच्या कर्करोगाचं. धूर न करणारी तंबाखू माणसात कर्करोग घडवते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निःसंदिग्ध सांगितलं आहे. मिश्री त्यात आली.

म्हणून आजच एक काम कर. खिडकीपाशी उजेडात आरसा धर. ओठ उलटून, गाल बोटाने ओढून, जीभ उचलून सगळीकडे बघ. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवडे उलटूनही न भरलेली जखम, तिखट लागताच होणारी आग, यातलं काही दिसलं तर हिरड्यांची बाब बाजूला ठेव आणि आधी ते दाखव. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का तेही पाहा. जात नसतील तर सुपारी-तंबाखूने तोंड आखडत चाललंय असं समज.

सोडायचं कसं? एक तारीख ठरव आणि घरात सांगून टाक. आदल्या दिवशी डबी रिकामी कर, भाजलेली तंबाखू घरात ठेवू नकोस. सकाळी पोटासाठी उठल्या उठल्या कोमट पाणी पी, रात्रीच्या जेवणात पालेभाजी वाढव. तलफ आली की लवंग किंवा बडीशेप तोंडात टाक आणि काही मिनिटं हात कामात गुंतव, तलफ ओसरते. पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप बिघडेल, डोकं जड होईल. तीन-चार आठवड्यांत हे बरंच निवळतं. एकटीला जमत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर फोन कर. तंबाखू सोडायला मदत करण्यासाठीच तो आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनच्या चघळायच्या गोळ्याही घेता येतात. मध्येच एखाद्या दिवशी पुन्हा लावलीस तर सगळं संपलं असं मानू नकोस, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोड.

दुसरी गोष्ट तुझ्या साखरेची. तीन वर्षं गोळ्या चालू आहेत, पथ्य पाळतेस, तरी साखर हवी तशी उतरत नाही म्हणून तू हैराण आहेस. साखर वाढलेली असली की जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते आणि हिरडीचा आजार बळावतो. पण रस्ता उलटाही चालतो. सगळ्या दातांभोवती सुजलेली हिरडी म्हणजे शरीरात कायमची पेटलेली जखम. तिच्यातून रक्तात उतरणारे घटक इन्सुलिनचं काम अवघड करतात. मधुमेह असलेल्या लोकांच्या हिरड्यांवर नीट उपचार केले, की तीन-चार महिन्यांत त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे तुझ्या कागदावरचं ते एचबीएवनसी, साधारण ०.४ टक्क्याने खाली येते, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं आहे. त्यामुळे गोळ्या सुटत नाहीत, पण गोळ्यांना साथ मिळते. तुझ्या साखरेच्या डॉक्टरांना हिरड्यांबद्दल सांग आणि दातांच्या डॉक्टरांना साखरेबद्दल. दोघांच्याही हातात एकच कागद दे.

त्या कागदावर रक्तदाबाची गोळीही लिही. अम्लोडिपिन असेल तर काही जणांत तिने हिरड्या जाड होऊन दातांवर चढतात. रक्त पातळ करणारी गोळी असेल, हाडांसाठी इंजेक्शन घेतलं असेल, तर ते उपचारांआधी कळायलाच हवं. मात्र यातलं काहीही आपल्या मनाने बंद करायचं नाही.

आता दात साफ करून घेण्याची भीती. "मशीन लावली की दात सैल होतात", हे वाक्य मला इतक्या तोंडून ऐकायला मिळतं की त्याचं मूळ नीट सांगायला हवं. कीटण कित्येक वर्षं दातांच्या मधल्या जागेत भिंतीसारखं बसलेलं असतं. आतून हाड झिजलेलं असतं, पण कीटणाने दात एकमेकांना टेकलेले असतात. ते काढलं की फटी उघड्या पडतात, हिरडीची सूज उतरून ती आकसते, मुळं थंड पाण्याने शिवशिवतात, आणि दात आधीच किती हलत होते ते पहिल्यांदा जाणवतं. माणसाला वाटतं, डॉक्टरने सैल केले. खरं तर आजार त्या दिवशी फक्त दिसला. शिवशिवणं काही आठवड्यांत कमी होतं. आणि सूज उतरून हिरडी घट्ट झाली की हलणारे काही दात पूर्वीपेक्षा पक्के होतात. हे मी माझ्या रुग्णांत सतत पाहते.  

तुझ्या बाबतीत नुसती वरवरची सफाई पुरणार नाही. आधी एक्स-रे काढतील. मग बारीक, खुणा केलेली सळई हिरडी आणि दाताच्या मधल्या फटीत घालून खोली मोजतील. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे आजार. जिथे फट खोल असेल तिथे हिरडी बधिर करून मुळापर्यंत सफाई करतील, दोन-तीन बैठकांत. काही आठवड्यांनी पुन्हा मोजतील. तरीही काही फटी खोल राहिल्या तर तेवढ्यापुरती हिरडीची छोटी शस्त्रक्रिया करतील. झिजून गेलेलं हाड सहसा भरून येत नाही, पण उरलेलं हाड टिकवता येतं, आणि दाताला तेवढं पुष्कळदा पुरतं. एखाद-दुसरा दात खरोखरच वाचवण्यापलीकडे गेलेला असेल. तो काढावा लागला तर काढू. पण एकासाठी सगळे नाहीत.

यापुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो तुझ्या हातात आहे. कागदावर उतरवून मोरीवरच्या आरशाला लाव.

दिवसातून दोनदा दात घासायचे, आणि त्यातली रात्रीची वेळ कधीही चुकवायची नाही. झोपेत लाळ कमी होते, तोंड कोरडं पडतं आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. हे शहरी फॅड आहे असं तुझ्या सूनबाई म्हणत होत्या ना, त्यांना सांग, चरकसंहितेत दातवणाच्या नियमांत दोन वेळा सांगितल्या आहेत, आणि दातांचं मांस, म्हणजे हिरडी, दुखावू नये असंही बजावलं आहे. आजी कडुनिंबाची ताजी काडी चावून तिचा मऊ कुंचला करायची, तेही त्याच वळणाचं. पण काडी दातांच्या आतल्या बाजूला आणि मधल्या फटींत पोचत नाही. राखुंडी, मीठ, कोळसा आणि खरखरीत लाल दंतमंजन तर बोटाने घासून घासून मुळं झिजवतात. ते बंद कर.

ब्रश मऊ आणि लहान डोक्याचा घे. केस हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या कडेवर तिरपे टेकव, अर्धे हिरडीकडे, अर्धे दाताकडे. तिथल्या तिथे बारीक थरथर कर, मग पुढच्या दोन दातांवर सरक. जोराने आडवं खसाखसा घासू नकोस. एका टोकापासून सुरू करून बाहेरची बाजू, मग आतली बाजू, मग चावायचा पृष्ठभाग, शेवटच्या दाढेची पाठ, आणि शेवटी जीभ. याला दोन मिनिटं लागतात, घड्याळ समोर ठेव. पेस्ट फ्लोराइडची, सुमारे १००० पीपीएम, वाटाण्याएवढी. शेवटी नुसतं थुंक, भरपूर पाण्याने चुळा भरून फ्लोराइड घालवून टाकू नकोस. हिरडी मागे सरल्याने उघड्या पडलेल्या मुळांना कीड लवकर लागते, त्यांना त्या फ्लोराइडची गरज आहे. तीन महिन्यांनी किंवा केस फाकले की ब्रश बदल.

ब्रश कितीही चांगला केला तरी दोन दातांच्या मधली जागा सुटतेच, आणि आजार बहुतेक वेळा तिथेच सुरू होतो. त्यासाठी बारीक बाटली घासायच्या ब्रशच्या आकाराचा इवलासा ब्रश मेडिकलमध्ये मिळतो. त्याचे आकार वेगवेगळे असतात. कुठल्या फटीत कुठला, ते डॉक्टरांकडून एकदा बघून घे. रोज रात्री प्रत्येक फटीतून तो आतबाहेर फिरव. जिथे फट नाही तिथे दातांसाठी मिळणारा धागा (फ्लॉस). आणि ती बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन! जेवण झालं की तिने दात कोरणं आजपासून बंद. तिच्या टोकाने हिरडीला रोज नवी जखम होते.

चहाचंही थोडं बघ. दिवसभर थोडा थोडा गोड चहा पीत राहणं साखरेलाही वाईट आणि दातांनाही. प्यायचाच तर ठरल्या वेळी पी, साखर कमी कर, नंतर साध्या पाण्याची चूळ भर.

आता कवळीबद्दल. ज्याचे दात गेले आहेत त्याच्यासाठी ती वरदान आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण तिने कटकट मिटत नाही. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, विशेषतः पहिल्या वर्षात, म्हणून कवळी सैल होते आणि पुन्हा बसवून घ्यावी लागते. खालची तर जिभेच्या धक्क्यानेही उचलते. कवळीने चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या मानाने बराच कमी असतो. ज्वारीची कडक भाकरी, भाजलेले शेंगदाणे, ऊस, काकडी हे हळूहळू ताटातून जातं आणि मऊ भात, बिस्किटं, पाव येतात. साखर असलेल्या माणसाला हे परवडत नाही. तोंडातल्या दातांना काय चावता येतं यावर पुढची वीस वर्षं ठरतात, आक्का.

जायचं कुठे, खर्च किती, हे तू नक्की विचारशील. तुला जवळचं म्हणजे कराडशेजारी मलकापूरला कृष्णाचं दंत महाविद्यालय. तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग असतो. दंत महाविद्यालयांत विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो, पण खासगी दवाखान्यापेक्षा खर्च पुष्कळ कमी होतो. हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, आणि जिल्हा रुग्णालयांतही दंतविभाग असतो. तिथे गेल्यावर तीन प्रश्न नक्की विचार. माझ्या फटी किती खोल आहेत? यांतले किती दात टिकतील? पुन्हा कधी यायचं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा "दर तीन-चार महिन्यांनी" असं येईल, आणि ते आयुष्यभरासाठी असेल. हिरड्यांचा आजार रक्तदाबासारखा आहे, आटोक्यात राहतो, पण पाठ फिरवली की पुन्हा डोकं काढतो.

तू सगळ्यांना दवाखान्यात नेतेस. भावजींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, सुनेची बाळंतपणं, नातवाच्या लसी, सगळ्या तारखा तुला पाठ आहेत. या वेळी तारीख तुझ्या नावाने काढ. दिवाळीची वाट बघू नकोस, कापणीही अडणार नाही. येत्या आठवड्यात मलकापूरला जा, पहिल्या तपासणीला मी रजा काढून तुझ्याबरोबर येईन. आणि परत आल्यावर बचत गटाच्या पुढच्या बैठकीत तुझ्या हिरड्यांचं काय निघालं ते सगळ्यांना सांग. तिथल्या निम्म्या जणींच्या कमरेला मिश्रीची डबी आहे. डॉक्टरच्या बोलण्यापेक्षा त्या तुझं ऐकतील.

तारीख ठरली की लगेच कळव.

तुझी धाकटी बहीण